वाचकाचं काहीतरी

त्या सकाळी प्राजक्ताच्या अंगात वारं शिरलं होतं. का नाही शिरणार? तिचा वाचक कुंदन उद्या बी.ए.चा शेवटचा पेपर देणार होता, तोही तुरुंगातून! विद्यापीठाच्या ग्रंथालयातली ही पोरगी दर आठवड्याला सुरतेच्या तुरुंगात पुस्तकं पोचवायची. फाटकावरचा शिपाई प्रत्येक पुस्तकाचा जाड पुठ्ठा टराटरा फाडून काढायचा, कारण पुठ्ठ्यात काहीही लपवता येतं. आत जायची ती नुसती पानं.

कुंदन आधी सुरतेतल्याच पांडेसऱ्याच्या मिलमध्ये कापड रंगवायचा. बोलका तर असा, की भिंतीलाही बोलतं करील. आई भेटायला आली की काचेपलीकडून फोनवर पहिला प्रश्न ठरलेला: "माय, जेवनी का?"

एका पुस्तकापाशी मात्र घोडं अडलं होतं. व्यापाराच्या इतिहासाची एकच प्रत, तीही कुलूपबंद कपाटात.

"सर, द्या ना! उद्या पेपर आहे त्याचा."

"त्याचं कार्ड कुठाय?" ग्रंथपाल श्रीकांतसर जागचे हलले नाहीत. "पुस्तक बाहेर गेलं, की त्याच्या जागी वाचकाचं काहीतरी इथं राहायलाच हवं."

"माझं कार्ड ठेवा."

"वाचकाचं म्हटलं मी."

दातओठ खात ती रिकाम्या हातांनी तुरुंगात गेली. बघते तर काय, कुंदन वाचत बसलेला! त्याच इतिहासाची पानं, ग्रंथालयाचा जांभळा शिक्का असलेली.

"अरे, कुणी दिलं?"

तो नुसता हसला आणि त्यानं हात जोडले. सरांना पाझर फुटला म्हणायचा! प्राजक्ताला तर तिथंच नाचावंसं वाटलं.

फाटकाबाहेर पुष्पाबाई, कुंदनची आई, पायरीवर बसली होती.

"आज पोरगा बोलनाच नही वं ताई. नुसता काचले हात लाईसन बसना."

"पेपरचं टेन्शन हो, मावशी!"

ग्रंथालयात सरांनी शपथेवर सांगितलं, कपाट उघडलेलंच नाही. किल्ली त्यांच्याच खिशात होती. प्राजक्तानं कपाट उघडायला लावलं. पुस्तक जागेवर होतं. तिनं उचललं, तर अगदी हलकं. पुठ्ठ्याच्या आत एकही पान नव्हतं.

तिनं पुठ्ठा उलटा धरून झटकला.

मग पुठ्ठ्यातून हळूच आवाज आला.

"माय, जेवनी का?"

प्राजक्ता रात्रभर तळमळली. पण सकाळी तिला हुरूप आला. पुस्तक परत आलं की वाचकाचं वाचकाला मिळतं, एवढंच ना? पानं आणायची, पुठ्ठ्यात घालायची! पुठ्ठा पिशवीत घालून ती पेपर सुटायच्या आधीच फाटकावर हजर. पुठ्ठा आत नेता येत नाही, म्हणून तिनं पिशवी पुष्पाबाईच्या मांडीवर ठेवली.

"एवढं धरा, मावशी. आलेच!"

कुंदन समोरून आला तो अंगठा वर करतच. पेपर झक्कास गेला होता!

"पानं दे, पानं! लवकर!"

त्यानं खाली मान घालून शिपायाकडे बोट दाखवलं.

"ती सुटी पानं?" शिपाई म्हणाला. "कॉपीचा माल समजून सकाळीच चुलीत घातली, बेन."

प्राजक्ता फाटकाबाहेर आली. मावशीला सांगायचं तरी काय?

पुष्पाबाई पिशवीवर वाकून बसली होती. चेहरा नुसता फुलला होता.

"हा रे बेटा, जेवनू," ती म्हणत होती. "तू जेवना का?"