कापसात ठेवलेला फोन

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर पुढं सरका, पण खाली "ताई, कथा मस्त जमली" असं लिहू नका. डोकं फिरतं माझं.

आणि ही रात्रीची नाही. भर दुपारची आहे. मागच्या दिवाळीनंतर, कापसाची वेचणी जोरात चालू होती तेव्हाची. जागा म्हणजे आमचं आर्णी, बसस्टँडजवळचं माझं मोबाईल रिपेअरिंगचं दुकान.

मी साधना. आमच्या घरात भूत-भानामती कोणी मानत नाही. आजोबांपासूनच नाही. लहानपणी मी कधी "मागच्या खोलीत कोणीतरी आहे" म्हटलं, की बाबा बॅटरी घेऊन मला तिथंच न्यायचे आणि म्हणायचे, "दाखव, कुठं हाय?" कधीच काही नसायचं.

म्हणून हे लिहिताना मला लाज पण वाटते. पण लिहिते.

माझ्याकडं जास्त करून पाण्यात पडलेले फोन येतात. फोनच्या खोक्यावर थेंबाचं चित्र असतं, "पाण्यात काही होत नाही" म्हणतात, आणि लोकांना ते खरं वाटतं. एकानं तर पाहुण्यांना दाखवायला फोन रांजणात बुडवला होता. भैताड कुठला! मी भंगारातले फोन स्वतः बादलीत बुडवून, उघडून पाहते. कुठून पाणी शिरलं, कोणता फोन दुरुस्त होतो, कोणता नुसता गमानं चिकटवून ठेवलाय, हे मला तोंडपाठ आहे.

फोनच्या आत एक छोटा पांढरा स्टिकर असतो. पाणी लागलं की तो लाल होतो. एकदा लाल झाला की परत पांढरा होत नाही. झाकणाच्या कडेला काळी चिकट पट्टी असते, ती पाणी अडवते. फोन उघडला की ती पट्टी वाया जाते, म्हणून बंद करताना मी माझा पांढरा गम लावते. आणि झाकणाच्या आतल्या बाजूला चंदेरी पेनानं "सा" लिहून त्या दिवसाची तारीख टाकते. उद्या कोणी भांडायला आलं, तर माझा हात कुठं लागला ते दिसावं म्हणून.

हे लक्षात ठेवा. पुढं कामाला येणार आहे.

आणखी एक. आमच्याकडं फोन भिजला की लोक तो कापसात खुपसतात. घरात ढीग पडलेलाच असतो ना! मी ओरडून थकले, की बाबांनो, तंतू चार्जिंगच्या भोकात जातात, फोन वाचायचा तो मरतो. ऐकतं कोण?

तर त्या दुपारी एक नवरा-बायको आले. जवळच्या तांड्यावरचे. धनसिंग आणि धनीबाई. त्याच्या खांद्याला प्रवासाची बॅग होती. तिच्या हातात कापसाचा गोळा होता, दोन्ही हातांनी धरलेला.

कापसात फोन होता.

"आलं कापसाचं गिऱ्हाईक," मी म्हणाले. नेहमीसारखी थट्टा.

ती हसली नाही.

"बाई, हा फोन पाण्यात गेलता का... एवढंच सांग मले."

"अवं, कोरडा ठणठणीत हाय तो," धनसिंग म्हणाला. "ताई, हिचं ऐकू नका. आमचा पोट्टा रोशन, माह्यासंग भांडला अन् पुण्याले गेला. आमी फोन करू नये म्हणून फोन घरीच टाकून गेला. आज सांजच्या ट्रॅव्हल्सनं आमी त्याले आणाले चाललो."

"मंग कापसात काहून ठेवला?" ती एकदम बोलली. "ओला झाल्याबिगर कोणी फोन कापसात ठेवते का?"

त्यानं बॅग दुसऱ्या खांद्यावर घेतली.

मग हळूहळू कळलं. चार दिवसांपूर्वी रात्री रोशन रागात मोटर लावायला म्हणून वावरात गेला होता, ते परतलाच नाही. सकाळी फोन घरातल्या कापसाच्या ढिगात सापडला. विहिरीत गळ टाकून पाहिला, काही लागलं नाही. विहीर चौघांत सामायिक, तोंडापर्यंत भरलेली, हरभऱ्याचं पाणी तिच्यावरच. कारण असल्याशिवाय बाकीचे उपसू देईनात.

"फोन पाण्यात गेला असन तं मी विहीर उपसाले लावीन," धनीबाई म्हणाली. "नसन गेला तं पुण्याले जाऊ. तू जे सांगशीन ते."

लोक माझ्याकडं डिस्प्ले बदलायला येतात हो. असलं विचारायला नाही.

फोन हातात घेतला. डाव्या कोपऱ्यात तडा, मागं बैलजोडीचं स्टिकर. आधी कोणी उघडलेला नव्हता, कंपनीची काळी पट्टी जशीच्या तशी होती. कडा गरम केल्या, पातळ पात फिरवली, झाकण सुटलं.

आत कोरडं. स्टिकर पांढराशुभ्र. कुठं गंज नाही, डाग नाही.

"मावशी, हा फोन पाण्यात गेला नाही," मी म्हणाले.

धनसिंगनं तोंडावरून हात फिरवला. "पाह्य! मी काय म्हणत होतो?"

धनीबाई माझ्याकडं बघत राहिली. मग खालीच बसली आणि रडायला लागली. आनंदानं. मी चहा मागवला, तो तिनं घेतला. धनसिंग मला हळूच म्हणाला, "ताई, पोट्टा गेल्यापासून ही काईच खात नव्हती."

मला पण बरं वाटलं. खोटं कशाला सांगू?

मी गम लावला, झाकणाच्या आत "सा" आणि तारीख लिहिली, झाकण दाबून फोनला रबरं बांधली. गम धरायला वेळ लागतो. "गाडीच्या आधी घेऊन जा," म्हणाले. तिचाच कापूस एका प्लास्टिकच्या डब्यात अंथरला, फोन त्यावर ठेवला, डबा टेबलावर. ते दोघं बाजारात गेले.

मी दुसऱ्या कामाला लागले.

थोड्या वेळानं आवाज आला...

टप.

मी वर पाहिलं. पत्रा कोरडा. पाऊस कधीच गेलेला.

टप... टप...

टेबलावरची रबरी चटई ओली झाली होती. मी माझी पाण्याची बाटली पाहिली. बंद होती. फडक्यानं पुसून घेतलं.

परत ओली.

पाणी डब्याखालून येत होतं.

डबा उघडला. कापूस चिंब झाला होता. फोन वरून ओला, बर्फासारखा गार, आणि वास... जुन्या विहिरीचा वास. शेवाळाचा. ज्यांनी विहिरीत उतरून गाळ काढलाय त्यांना माहीत आहे.

रबराखाली हिरवी शेवाळाची तार अडकली होती.

मी स्वतःला म्हटलं, साधना, येडी झाली काय? पाणी सांडलं असेल. फोन पुसला, कानाजवळ नेऊन हलवला. आत पाणी असलं तर कळतं.

आतून आवाज आला.

बुड... बुड बुड...

फोन बंद होता. बॅटरीचा कनेक्टर मीच काढला होता आणि तो लावायचं विसरले होते, ते मला तेव्हा आठवलं. त्या फोनमधून आवाज येणं शक्यच नव्हतं.

मग सगळं शांत झालं. बाहेर बसस्टँडचा एवढा गोंगाट, हॉर्न, रसवाल्याची घंटी... काहीच ऐकू येईना. कानात पाणी गेल्यावर होतं तसं.

आणि फार वरून, लांबून, एक पोरगा हाक मारत होता.

"याडीऽऽ..."

त्यांच्या बोलीत आईला याडी म्हणतात.

मी फोन डब्यात टाकला, झाकण लावलं आणि दुकानाच्या बाहेर जाऊन उभी राहिले. भर उन्हात. माझे दात वाजत होते. बाबांची आठवण आली. दाखव, कुठं हाय? आता काय दाखवू बाबांना?

ते दोघं येईपर्यंत मी आत गेले नाही. डब्यावरची नजर पण काढली नाही. दुकानात दुसरं कोणी शिरलं नाही. हे मी कोणाचीही शपथ घेऊन सांगते.

धनसिंग घाईत होता. "झाला का ताई? गाडी लागली."

मी डबा उघडला.

ओला कापूस होता. त्यावर रबरं होती, एकात एक गुंतलेली, न तुटलेली, जशी बांधली होती तशीच.

फोन नव्हता.

"हे काय लावलं?" धनसिंग चिडला. "फोन कुठं हाय? भरोशानं देल्ला अन् गायब करता?" आणखी पण बरंच बोलला. मी नुसती डबा धरून उभी राहिले, आणि मी कोणाचं ऐकून घेणारी बाई नाही.

धनीबाईनं तो कापूस उचलला. पिळला. पाणी तिच्या मनगटावरून खाली गेलं. तिनं वास घेतला.

"आमच्या विहिरीचं हाय," ती म्हणाली.

धनसिंगनं बॅग खाली ठेवली.

"गाडी जाऊ द्या," ती नवऱ्याला म्हणाली. आवाज एकदम शांत होता. "मोटरी लावा."

दुसऱ्या दिवशी विहीर उपसली. बाकीचे तिघं आडवे आले होते म्हणे. धनीबाई तो ओला कापूस घेऊन विहिरीच्या काठावर बसली, तेव्हा कोणाची बोलायची हिंमत झाली नाही.

रोशन खालच्या कपारीत होता. मोटरच्या दोरात पाय गुंतलेला, म्हणून वर आला नव्हता.

मी तांड्यावर गेले नाही. जाववलंच नाही.

बऱ्याच दिवसांनी ते दोघं परत दुकानात आले. धनसिंग एकदम खंगला होता. माझ्याकडं न बघता बोलला, "ताई, त्या दिवशी लय बोललो तुमाले. माफ करजा."

मग त्यानं रुमाल सोडला.

डाव्या कोपऱ्यात तडा. मागं बैलजोडीचं स्टिकर.

"पोट्ट्याच्या खिशात होता," तो म्हणाला. "चेन लावलेल्या खिशात. पोलिसानं आता देल्ला."

मला उघडायचा नव्हता. पण धनीबाई तशीच बघत होती, त्या दिवशीसारखी.

कडा गरम केल्या. काळी पट्टी नव्हती. पांढरा गम होता, माझा.

झाकण निघालं. आतून चंदेरी अक्षरात "सा"... आणि तारीख. ते माझ्या दुकानात आले त्या दुपारची तारीख. तोपर्यंत रोशन विहिरीत जाऊन चार दिवस झाले होते, आणि त्या खिशातला फोन त्याच्याबरोबरच पाण्यात होता.

बॅटरीचा कनेक्टर सुटलेलाच होता.

आत थेंब नव्हता. स्टिकर पांढरा.

धनसिंगनं पाहिलं. "सारं कोरडं हाय..." तो पुटपुटला. "फोन कोरडा राह्यला ताई, अन् माहा पोट्टा..." तो बाहेर जाऊन पायरीवर बसला.

मी धनीबाईला विचारलं, "मावशी, मग तुम्ही आणला तो फोन कापसात ठेवला कोणी?"

तिनं उघडा फोन पदरात घेतला.

"मीच सांगू सांगू ठेवलतं त्याले," ती म्हणाली. "फोन भिजला का दुसरीकडं जाऊ नको, पयले घरी ये, कापसात ठेव. मंग तो आलता घरी. त्या राती दार वाजलं होतं, बाई. दोनदा वाजलं. मले वाटलं कुत्रं असन... मी उठली नाई."

मी तिचा हात धरला. ती रडली नाही.

फोन ती घेऊन गेली. नंतर तांड्यावरचं एक गिऱ्हाईक आलं, त्याच्याकडून कळलं, तिनं तो परत घरातल्या ढिगात ठेवलाय. त्या वर्षीचा कापूस त्यांनी विकलाच नाही. रात्री दाराला कडी लावत नाहीत म्हणे.

घरी बाबांना सगळं सांगितलं. वाटलं हसतील. ते हसले नाहीत. म्हणाले, "डबा कुठं हाय तो?" दोघांनी मिळून पाहिला. कोरडा होता.

दुकान चालूच आहे माझं. फोन उघडते, बंद करते, गम लावते. चंदेरी पेन मात्र टाकून दिला. आणि आता कोणी कापसात गुंडाळलेला फोन आणून विचारलं, "ताई, हा पाण्यात गेलता का?" तर मी ओरडत नाही, थट्टा करत नाही, फोनला हात पण लावत नाही.

आधी विचारते, फोन ज्याचा आहे तो माणूस घरी आला का?