काठोकाठ पियाला

"अहो, ऐकता का जरा? चोल्पोन जुमाबेकोव्हा कुठं भेटतील?"

चोल्पोननं पाटातूनच मान वर केली. पायात रबरी बूट, हातात फावडं, गालावर चिखलाचा फराटा. काठावर एक तरुण उभा होता – चकचकीत बूट, खांद्याला रेडिओवाल्यांची पिशवी, आणि डोळे… डोळ्यांकडे ती उगाचच जरा जास्त वेळ बघत राहिली.

"काय काम आहे तिच्याकडे?"

"संध्याकाळी शाळेत नगरपालिकेच्या उमेदवारांची सभा आहे ना, तिथं प्रश्न मीच विचारणार. म्हटलं, आधीच चाचपून बघावं, बाई बोलायला कशा आहेत."

तिनं हसू ओठातच दाबलं. "असेल इथंच कुठंतरी. पण आमच्या गल्लीत असं कोरडं उभं राहून कुणी काही विचारत नाही हं." आणि दुसरं फावडं तिनं त्याच्या हातात दिलं.

बर्फ वितळायला लागलं की डोंगरावरचं पाणी कराकोल शहराच्या गल्ल्यांत उतरतं. आणि पाट तुंबलेले असले की थेट घरात. म्हणून आज सगळी गल्ली फावडी घेऊन बाहेर पडली होती. अशा कामाला मजुरी नसते. काम झालं की चहा आणि गरमागरम तळलेले बोरसोक, बस्स.

तो उतरला. बूट पहिल्या पावलातच गेले.

"फावडं मायक्रोफोनसारखं धरलंय तुम्ही," ती म्हणाली.

"आणि तुम्ही? दिसला माणूस की जुंपला कामाला!"

त्याचं नाव एर्मेक. बिश्केकहून नुकताच इथल्या रेडिओवर आलेला. दुपारभर तो खणत राहिला, बोलत राहिला… आणि चोल्पोनला वाटलं, हा पाट आणखी थोडा लांब असता तर काय बिघडलं असतं?

चहाच्या वेळी मात्र तिनं त्याचा पियाला काठोकाठ भरला. तो बघतच राहिला. इकडे भरलेला पियाला म्हणजे – प्या आणि निघा. ज्यानं बसावं असं वाटतं, त्याला घोट-दोन घोटच ओततात, म्हणजे पुन्हा पुन्हा ओतता येतं.

"हाकलताय होय?"

"सभेला उशीर होईल तुम्हाला."

"आणि तुम्हाला?"

"मलाही!" म्हणत ती पळालीसुद्धा.

संध्याकाळी शाळेचं सभागृह गच्च भरलं होतं. आधी दुसरे उमेदवार, वडीलधारे तिलेक बाइके, यांनी चौकात कारंजं बांधायचं वचन दिलं. मग एर्मेक म्हणाला, "पुढच्या उमेदवार, चोल्पोन जुमाबे…" निळा मखमली पोशाख घालून ती समोर येत होती. कानामागं चिखलाचा एक ठिपका तसाच राहिलेला. एर्मेकचा आवाज मध्येच गेला.

"काय रे पोरा, रेडिओ बंद पडला का?" पहिल्या रांगेतून बात्मा आपा ओरडल्या. सभागृह खदखदून हसलं.

चोल्पोन बोलू लागली. "कारंजं छानच दिसेल, बाइके. पण आमच्याकडे दर वसंतात कारंजं उडतंच – स्वयंपाकघरात! आधी रस्त्याखालून पाण्याला मोठी वाट करू. शाळेच्या उतारावर दिवे लावू. पोरं काळोखात घसरतात, ते थांबवू."

टाळ्या पडल्या. तेवढ्यात बात्मा आपा उठल्या. चोल्पोनच्याच घराशेजारच्या.

"पोरी, बोलतेस झकास. पण मुलगी म्हणजे घरातली पाहुणी. उद्या लग्न होऊन लांब गेलीस, की आमच्या पाटाचं काय? मी मत कुणाला देऊ – तुला, का तुझ्या सासूला?"

हशा उठला आणि चटकन विरला. सगळ्यांच्या मनातलाच प्रश्न होता तो. ह्याचं उत्तर चुकलं, तर बाकी सगळं बोललेलं वाया.

"हा प्रश्न खाजगी आहे," एर्मेक हळूच म्हणाला. "उत्तर द्यायलाच हवं असं नाही."

"देते ना." तिनं मान ताठ केली. "आपा, मी पाहुणी असते, तर चहा पिऊन गेले असते. मी तर फावडं घेऊन पाटात उतरले. लग्न? करीन की! पण ज्याला मी हवी, त्यानं हा पाट ओलांडून यावं. मी इथून हलणार नाही."

"म्हणजे घरजावई!" मागून कुणीतरी हेल काढला. पुरुषाला झोंबावा म्हणूनच वापरतात तो शब्द.

"हो, घरजावई! पण फावडं चालवता यायला हवं."

बात्मा आपांनी आशीर्वादासाठी दोन्ही तळवे आभाळाकडे उघडले. त्यांच्यामागोमाग सबंध सभागृहानं.

"शब्द अढळ राहो तुझा, लेकी. आमची मान उंच केलीस. ओमीन!"

तळवे चेहऱ्यांवरून फिरले. एर्मेकनंही हात उघडले होते – आणि त्याच्या तळव्यांवरचे लालबुंद फोड चोल्पोनला लांबूनही दिसले. तिच्या छातीत काहीतरी भरून आलं… गल्लीचा अभिमान, आणि त्यात मिसळलेलं आणखी काही.

सभा संपल्यावर अंगणात चहाचा सामोवार धुमसत होता. तो जवळ आला.

"मला कुणाची बाजू घेता येत नाही. पण आता माइक बंद झालाय. एक प्रश्न राहिलाय."

"विचारा."

"घरजावयाला… रबरी बूट सासरहून मिळतात, की स्वतःचे आणायचे?"

चोल्पोन कानापर्यंत लाल झाली. तिनं पियाला घेतला, सामोवारची तोटी फिरवली आणि लगेच बंद केली. तळाशी जेमतेम दोन घोट.

तो त्या दोन घोटांकडे बघत राहिला. मग तिच्याकडे.

"अगं, भर की नीट!" बात्मा आपा मागून मुद्दामच करवादल्या. "दिवसभर खपलंय ते पोरगं!"

"नाही आपा," चोल्पोन त्याच्यावरची नजर न काढता म्हणाली, "ह्याचा नाही भरायचा."