वीसपर्यंत मोजून

त्याची माझी पहिली भेट जिन्यात झाली, आणि तीही तो वाट अडवून बसलेला असताना.

माझ्या हातात चित्रांच्या कार्डांचा खोका होता. वरच्या मजल्यावर आमचं मुलांचं उपचार केंद्र. तिसऱ्या पायरीवर सातेक वर्षांची एक मुलगी कानांवर हात दाबून बसली होती आणि तिच्या शेजारी हा.

"ओलांडून जा," तो म्हणाला. "आम्ही इथेच राहायला आलोय. उद्या पडदे लावणार."

मला हसू आलं. मग डोक्यावरच्या ट्यूबलाइटचा गूंऽऽ आवाज कानात शिरला. मी खोका खाली ठेवला आणि बटण बंद केलं. मुलीनं हात काढले, उठली, भिंतीला चिकटून सरळ वर निघाली.

"जादू?"

"छे. मूल अडून बसलं की हट्टी म्हणायच्या आधी कारण शोधायचं. तेच आमचं काम."

भिंतीच्या कडेनं चालते म्हणून घरात तिला मुंगी म्हणायचे. स्वमग्न होती, बोलत नव्हती. आईची सकाळची पाळी, म्हणून मामा आणायचा. मामाचं चष्म्यांचं दुकान होतं. मुंगी जितकी गप्प, तितका हा बडबड्या.

आम्ही एकेक गोष्ट बारीक तुकडे करून शिकवतो आणि तुकडा जमला की लगेच शाबासकी. मुंगीची शाबासकी म्हणजे साबणाचे फुगे.

"ही तर लाच झाली," मामा म्हणाला.

"तुम्ही विनोद केलात की माझ्याकडे का बघता?"

"तुम्ही... हसताय का, ते बघायला."

"आणि हसले की दुसरा विनोद करता. मग ती काय?"

त्याचे कान लाल झाले. "मुंगी तुम्हाला ताई म्हणेल," तो म्हणाला, "मी म्हणणार नाही. आधीच सांगून ठेवतो."

त्याची एक खोड होती. मुंगीला प्रश्न विचारायचा आणि उत्तरही स्वतःच द्यायचा. "फुगा हवा? हवा, हवा!" मी त्याला शिकवलं — विचारा, ओठ मिटा, मनात दहापर्यंत मोजा. उत्तर नाहीच आलं तर चेहरा पाडायचा नाही, पुन्हा पुन्हा विचारायचं नाही, विषय बदलायचा.

"दहा कमी पडतात हिला," तो म्हणाला. "तेराला ओठ हलतात. मी रोज बघतो ना."

"दहा पुरे होतात." मी मोठी शहाणी!

"एकदा बघा तरी..."

बघितलं. अकरा, बारा, तेरा — आणि चौदाला मुंगी म्हणाली, "फुगा."

तिचा पहिला शब्द. मी फुगे उडवत होते आणि हा चष्मा पुसायचं निमित्त करून भिंतीकडे तोंड फिरवून उभा. मी मुंगीच्या नोंदींच्या तक्त्यावरचे दहा खोडून वीस लिहिले. त्याच दिवशी मी त्याच्या प्रेमात पडले. उगाच आडपडदा कशाला?

पण उपचार चालू असताना मुलाच्या घरच्यांशी असं नातं चालत नाही, हा नियम आम्ही घरच्यांनाही सांगतो, आणि तो बरोबरच आहे. शिवाय आमच्या मोठ्या बाईंनी बजावलं होतं, "मूल बोलायला लागलं की घरच्यांना आपण देव वाटतो. त्याला प्रेम समजू नकोस." मग मी मूग गिळून बसले. त्यानं विनोद केला की तक्त्यात बघायचं, त्याच्या छत्रीवरचं पाणी माझ्या हातावर उडालं की हात मागे घ्यायचा... असे चौदा महिने.

मग मुंगीच्या आईची दुसऱ्या गावी बदली झाली. मामाही दुकान तिकडे हलवणार होता. शेवटच्या दिवशी मुंगी कोपऱ्यात कार्डं लावत बसली होती. तो माझ्यासमोर खुर्ची ओढून बसला.

"आजपासून तुमचा नियम मला लागू नाही," तो म्हणाला. "माझ्याशी लग्न कराल?"

आणि ओठ मिटले. गुडघ्यावर त्याचं बोट हळूहळू टेकत होतं. तो मोजत होता! सात... आठ... मला हसू येत होतं, रडू येत होतं, शब्द तेवढा येत नव्हता. टेबलावर 'हो'चं कार्ड पडलं होतं. बोलता येत नसेल तर कार्ड पुढे सरकवायचं, हे मी किती मुलांना शिकवलंय. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. त्याला खरंच मी हवी आहे, की मुंगीला बोलती करणारी बाई? आणि चौदा महिने मी गप्प राहण्याचाच सराव केला होता. रोज केलेली गोष्ट अंगात भिनते, हेही मीच शिकवते.

वीस झाले. बोट थांबलं. त्यानं चेहरा पाडला नाही, पुन्हा विचारलं नाही. "मुंगे, बूट घाल बरं," तो हसत म्हणाला. अगदी मी शिकवलं होतं तसंच.

तिसऱ्या पायरीवर ती दोघं नेहमीसारखी थोडा वेळ टेकली. मला वरून ऐकू येत होतं. चार ढांगांत पोहोचले असते... मी दारात उभी राहिले. मग पावलं खाली गेली, फाटक वाजलं, आणि रिकाम्या खोलीत मी म्हणाले, "हो."

तीन वर्षांनी मुंगी आईबरोबर भेटायला आली. अकरा वर्षांची, उंच, अजून भिंतीच्या कडेनंच चालणारी.

"दादाचं लग्न झालं गेल्या वर्षी," आई म्हणाली. "वहिनी फार गुणी आहे."

"छान झालं," मी म्हणाले आणि दुकान कसं चाललंय ते विचारलं. चेहरा पाडला नाही.

मुंगी त्या खुर्चीकडे बघत होती. मग माझ्याकडे वळली.

"ताई, मामा आठवतो?"

आणि ओठ मिटले. तिचं बोट गुडघ्यावर टेकू लागलं. ती मला पुरते वीस देणार होती.

दोनच झाले होते.

"हो," मी म्हणाले.

"शाब्बास!" मुंगी लगेच म्हणाली. फळीवरची साबणाची बाटली तिनं खाली घेतली आणि माझ्यासाठी फुगे उडवले.