तिसरा सदतीस

हवामान केंद्राच्या त्या खोलीत मोजून सहा बाय सहा फरशा होत्या. भिंगरीला हे पाठ होतं. शाळा सुटली की मावशीचं काम आटोपेपर्यंत ती तिथेच पाय हलवत बसायची. आज मात्र पाय हलवण्याची सोय नव्हती. सोमवारी वरचे साहेब येणार होते. तोवर केंद्राच्या कॉम्प्युटरवर हवामानाचा अंदाज काढणारं मॉडेल चाललं नाही, तर केंद्राला कुलूप आणि मावशीची दूर कुठेतरी बदली. म्हणजे मावशीकडे राहून शिकणाऱ्या भिंगरीची रवानगी थेट होस्टेलात.

घोडं अडलं होतं एका लायब्ररीपाशी. पुस्तकांची नव्हे, कॉम्प्युटरमधली, तयार प्रोग्रामची. तापमान, वारा, दाब यांचे ढीगभर आकडे फाइलीत लिहायचे आणि जसेच्या तसे परत वाचायचे, एवढंच त्या लायब्ररीचं काम. मावशीने ती तीनदा नव्याने बसवली होती. तिन्ही वेळा चाचणी नापास.

"सरक, मी बघते."

"आली मोठी शास्त्रज्ञ," मावशी म्हणाली, पण सरकली.

चाचणी अगदी साधी होती. एक ते छत्तीस आकडे सहा रांगांत लिहायचे नि वाचायचे. लिहिताना एक ते छत्तीसच जात होते. वाचताना यायचे चोवीस, चोवीस, चोवीस, आणि मध्येच तीन ठिकाणी सदतीस.

"कचरा येतोय नुसता," मावशी वैतागली.

भिंगरीने भिंतीवरच्या तापमापीकडे पाहिलं. चोवीस. आणि सदतीस म्हणजे तर माणसाच्या अंगाची ऊब. मग खाली फरशांकडे पाहिलं. तिसऱ्या रांगेतली दुसरी फरशी, तिथे तिची स्वतःची खुर्ची. तिसरी फरशी, तिथे मावशी. पडद्यावरच्या सहा रांगांतही दोन सदतीस नेमके याच जागी होते.

"मावशी, जरा दारापाशी उभी राहतेस?"

"का गं?"

"राहा तर खरी."

पुन्हा चाचणी. एक सदतीस कोपऱ्यात, दाराच्या फरशीवर जाऊन बसला होता.

भिंगरीच्या अंगावर काटा आला आणि तिला हसूही फुटलं, दोन्ही एकदम. तिने मावशीला कपाटाशी पाठवलं, टेबलाशी बोलावलं. आकडा शहाण्यासारखा मागोमाग फिरला. स्वतः उठून पाहिलं, तर दुसराही फिरला.

तिसरा हलेना.

तो खिडकीखालच्या फरशीवर होता. तिथे काकांची लाकडी खुर्ची होती. मावशीच्या आधीचे निरीक्षक, तीस वर्षं याच खुर्चीत बसून नोंदी करणारे. मागच्या वर्षी वारले. तेव्हापासून त्या खुर्चीत कुणी बसत नसे. मावशी रोज ती पुसायची मात्र.

मावशी पडद्यावरचा आकडा बराच वेळ बघत राहिली.

"चूक सापडली का, ते सांग," ती हळूच म्हणाली.

सापडली होती. कॉम्प्युटरमध्ये एक जुना फोल्डर होता, काकांनी हाताने बसवलेल्या लायब्ररीचा. आकडे लिहीत होती नवी लायब्ररी आणि वाचत होती जुनी.

"मग काढ जुनी."

"पण मावशी, काका..."

"सोमवारी साहेब येतायत, भिंगरे. काढ." मावशी खिडकीकडे पाठ करून उभी होती.

भिंगरीने फोल्डर पुसला. चाचणी लावली.

एक, दोन, तीन. थेट छत्तीसपर्यंत. पास.

चारच्या ठोक्याला मॉडेलने उद्याचा वारा सांगितला. मावशीने तिचा गालगुच्चा घेतला, डोळे पुसले आणि ही बातमी वर कळवायला फोनकडे गेली.

भिंगरी खिडकीपाशी आली. ढगाळ दिवस होता, पडदाही सकाळपासून ओढलेला. तिने काकांच्या खुर्चीवर तळहात टेकवला.

लाकूड गरम होतं. कुणीतरी आत्ता उठून गेल्यासारखं.

तिने हात उचलला नाही. मावशीचं फोनवरचं बोलणं संपेपर्यंत ते लाकूड हळूहळू निवत गेलं.