शेवटच्या तारखेचा रकाना

दिवा तेवढा मंद करा, डोळे फार दुखतात. दिवसभर तारखाच बघत असतो मी. या वृद्धाश्रमात कोण कधी आलं आणि कधी गेलं, ते संगणकावरच्या तक्त्यात भरायचं, एवढंच माझं काम. मीच लिहिलेली एक छोटी स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाची आज्ञावली, रोज संध्याकाळी तो तक्ता वाचते आणि उद्या किती ताटं लागतील ते सांगते. नियम सोपा आहे. शेवटच्या तारखेचा रकाना रिकामा असला, की माणूस अजून इथंच आहे. आम्ही नोकरमाणसंही इथंच जेवतो, त्यामुळे माझीही ओळ त्यात आहे.

आत्याचीही होती. आईमागं तिनंच मला वाढवलं. शेवटची काही वर्षं ती इथल्या कोपऱ्यातल्या खोलीत अंथरुणाला खिळून होती. "कधी सुटणार रे मी?" असं रोज विचारायची, आणि लगेच म्हणायची, "पण तुला एकट्याला टाकून जाऊ कशी?"

"एकदा काय ते ठरव बाई," मी चिडवायचो.

एका सकाळी ती अंथरुणात गार सापडली. मध्यरात्रीच्या अलीकडे गेली की पलीकडे, कुणालाच ठाऊक नव्हतं. डॉक्टर म्हणाले, "तारीख तुम्हीच ठरवा." माझा हात धजला नाही. रकाना रिकामा राहिला आणि तिचं ताट निघतच राहिलं. नवी सेविका बिचारी यादीत नाव बघून ते रोज त्या रिकाम्या खोलीत ठेवून यायची.

मग एक दिवस स्वयंपाकाच्या मावशी ते ताट घेऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या. सूप संपलेलं. पाव आतून खाल्लेला, कडा ताटाच्या काठावर एकीवर एक रचलेल्या. आत्याला दात नव्हते, ती अशाच रचून ठेवायची.

"उंदीर असतील, मावशी."

"उंदीर कडा रचतात होय?" त्या अगदी हळू म्हणाल्या. "साहेब, त्यांना सोडा आता..."

मी मध्यरात्रीच्या आधीची तारीख भरली. दुसऱ्या दिवशी रकाना रिकामा. नंतरची भरली, तीही गेली. या तक्त्याला माझ्याशिवाय कुणी हात लावत नाही. माझी झोप उडाली, जेवण जाईना. काल भर दुपारी मी त्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिलो. पडदे ओढलेले. कोमट सुपाचा वास. आणि कुणी कुशीवर वळावं तशी पलंगाची कुरकुर.

"आत्या," मी म्हणालो, "दमलीस ना? मग जा की..."

कुरकुर थांबली. मग उशीच्या बाजूनं आलं, "आणि तू...?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "मीही दमलोय गं."

आज संध्याकाळी तक्ता उघडला, तर तिच्या रकान्यात तारीख होती. आजची. सुटली एकदाची, असं वाटून मला रडूच आलं. डोळे पुसून स्क्रिप्ट चालवली. उद्याची ताटं दोनानं कमी आली. मी एकेक ओळ बघत खाली गेलो. माझ्या ओळीत तीच तारीख होती. पुसली. पुन्हा आली. पुन्हा पुसली...

"साहेब, उद्या किती ताटं?" मावशींनी दारातून विचारलं.

"दोन कमी करा."

"एक त्यांचं. आणि दुसरं हो?"

मी तक्ता मिटला. माझं सूप-पावाचं ताट टेबलावर ठेवून त्या गेल्या.

खरं सांगू का, भीती वाटते. पण त्याहून जास्त झोप येते आहे. तुम्ही बसा जरा, मध्यरात्रीला अजून अवकाश आहे. ते ताट तेवढं इकडं सरकवा. तुम्ही आल्यापासून माझ्यासमोरच बसला आहात, मी त्याला बोटही लावलेलं नाही. मग पावाच्या या कडा काठावर कुणी रचल्या...?