हिरव्या दिव्याचा मापदंड

डॉ. मृणालिनी खानोलकर प्रयोगशाळेत पोचल्या तेव्हा त्यांच्या मुलीची, अन्विताची, भूकवेधी पट्टी टेबलावर होती. दिवा हिरवाच. जेवण टाकत आलेली अन्विता रुग्णालयात होती. "मला जगायचं नाही," असं तिने मैत्रिणीला सांगितलं आणि त्या शहाण्या पोरीने तडक मोठ्यांना गाठलं, म्हणून वेळेवर कळलं. आईच्या यंत्राने हूं की चूं केलं नव्हतं.

"पट्टी बिघडली असणार," मृणालिनी म्हणाल्या.

"नाही मॅडम, तपासली," सहकारी डॉ. टिळेकर म्हणाले. "आतड्याकडून मेंदूकडे निघालेली भुकेची हाक ती बरोबर टिपते. माणूस ती हाक किती दाबतो, तेही मोजते. दाबणं निरोगी माणसापेक्षा वाढलं, की जिवाला धोका समजून दिवा लाल आणि जवळच्या माणसाला इशारा."

"मग?"

"निरोगी माणूस म्हणून आपण कोणाचा मापदंड भरलाय?"

मापदंड मृणालिनींचाच होता. प्रयोग आधी स्वतःवर करावा, या बाण्याने दोन वर्षं त्या स्वतःच पट्टी बांधत आल्या होत्या. त्या दोन वर्षांत सोमवार, गुरुवार, संकष्टी, एकादशी, एकही उपवास चुकला नव्हता. देवाची त्यांना एरवी फारशी आठवण नसे. पण उपवास म्हटलं की वाढणारा हात मुकाट मागे जातो, हे त्यांना कॉलेजपासून ठाऊक होतं. अन्विताने सोमवार धरला तेव्हा त्यांनी सासूबाईंना कौतुकाने फोन केला होता! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. त्यांना स्वतःची शरम वाटली.

"बाकीच्या स्वयंसेवकांचा मापदंड भरा. आत्ताच."

टिळेकरांनी भरला. अन्विताच्या नोंदी आठ महिन्यांपासून लाल निघाल्या. पट्टी बांधलेल्या इतर पोरांचेही दिवे लाल होऊ लागले, तसे टिळेकर एकेका घरी फोन लावत सुटले. मृणालिनींच्या स्वतःच्या मनगटावरही लाल दिवा लागला होता. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला.

"आई," अन्विताचा आवाज बारीक झाला होता. "तुझ्या पट्टीचा इशारा आलाय माझ्याकडे. जवळचं माणूस म्हणून माझंच नाव दिलंयस तू. जेवली नाहीस?"

"नाही."

"आज कसला उपवास?"

मृणालिनींना खोटं बोलवेना. "उपवास नाही गं. कधीच नव्हता."

पलीकडे ताट सरकवल्याचा आवाज आला.

"मग ये इकडे," अन्विता म्हणाली. "जेवण आलंय. मला एकटीला नाही जात."