मोरीवरचा पाचवा कंदील

मोबाइल खाली ठेवा आधी. त्या उजेडात तुमची तोंडं भुतासारखी दिसतात, आणि मला आज एकच भूत पुरे आहे.

ही गोष्ट माझ्या साडूंची. हो, तुमच्या मावशीचे यजमान, तेच. मावशीपाशी मात्र तोंड उघडू नका. माणूस म्हणजे अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालेला. रस्त्याच्या कामावर सुपरवायझर होते. कोणी काही शिकवायला गेलं की म्हणायचे, "मला माहितीये." ते दोन शब्द ऐकले की मी अजून उठून आत जातो.

दोन वर्षांपूर्वी गावाबाहेरच्या रस्त्याखालची मोरी खणून काढली होती. रस्त्याच्या मधोमध दोन पुरुष खोल खड्डा, शेजारून एक गाडी जाईल एवढी वाट. बॅटरीचे लाल दिवे दोनदा चोरीला गेले, म्हणून आडव्या बांबूवर पाच कंदील टांगायचे. थंडीत ते तासाभरात तडतडून विझायचे. का? तर आमचे शहाणे टाकी अर्धीच भरायचे. रिकाम्या अर्ध्यात रात्रीच्या गारठ्यानं पाणी सुटतं, रॉकेलच्या तळाशी बसतं, आणि वात तेच पिते. शेंबडं पोरही सांगेल. हे म्हणायचे, कंदीलच भिकार आहेत. नाचता येईना अंगण वाकडं.

त्या खड्ड्यात एक माणूस रात्री सायकलसकट पडून मेला. गावोगाव फिरून स्टोव्ह-कंदील दुरुस्त करणारा म्हातारा. पाचही कंदील विझलेले होते. साडूंनी पोलिसांत जबाब दिला, दिवे चालू होते, म्हातारा प्यायलेला असणार. मला हे सांगताना हसलेसुद्धा. मी त्या दिवशी त्यांच्या घरचा चहा घेतला नाही, एवढंच काय ते माझं शौर्य.

त्यानंतर आठ दिवसांनी, अठरा जानेवारी, गुरुवार. साडूंची मुलगी आणि जावई गाडीनं येणार होते, त्याच रस्त्यानं, रात्री एकच्या सुमारास. पोरीला सातवा महिना. धुकं उतरलेलं, फोन लागेना, मोरीवरचा रखवालदार तापानं घरी. तेव्हा कुठे यांना कंदील आठवले. स्वतःची पोर वाटेवर असली की माणसाला काळोख दिसतो. रॉकेलचा डबा घेतला. थंडीत स्कूटर सुरू होईना, तसे पायीच निघाले.

पाऊण वाजता पोचले. पाचही विझलेले. पहिला पेटवला. ज्योत बसायला लागली तशी यांनी वात चढवली. धूर. काच काळी. विझला. दुसऱ्याचंही तेच. ज्योत खाली आली की वात वर, एवढंच यांचं ज्ञान.

तेवढ्यात कोणीतरी म्हणालं, "वात उतरव."

साडू म्हणाले, "मला माहितीये."

"तुला काय माहितीये." आवाज शांत. कीव आल्यासारखा. "टाकी ओतून टाक. सगळी. तळाशी पाणी आहे. वात पीळ, जळकं टोक खुड, काच पूस. मग भर, गळ्यापर्यंत."

यांनी ऐकलं. जन्मात पहिल्यांदा. वळूनही बघितलं नाही; वाटलं, मागे कोणी शेतावरचा असेल. पहिला लागला. लहान ज्योत. स्थिर. दुसरा. तिसरा. चौथा.

मग त्यांच्या लक्षात आलं... आवाज मागून येत नव्हता.

खालून येत होता. खड्ड्यातून.

हात थांबले.

"पाचवा राहिला."

"कोण... कोण आहे?"

पाचवा कंदील सगळ्यात टोकाचा. वाट जिथे वळते, तिथला. साडूंनी काडी ओढली. विझली. दुसरी... विझली. वारा नव्हता.

"त्या रात्री किती चालू होते?"

साडूंनी तिसरी काडी ओढली. तीही विझली.

"किती?"

लांबून गाडीचा आवाज आला. धुक्यात दिवे दिसेनात, नुसता आवाज. जवळ. आणखी जवळ. डबीत काडी उरली नव्हती.

"एकही नाही," साडू म्हणाले. "एकही नव्हता. मी खोटं बोललो."

आणि पाचवा लागला. काडीशिवाय.

गाडी करकचून थांबली. मग हळूच बाजूच्या वाटेनं पुढे आली. काच खाली झाली. "बाबा? तुम्ही इथे काय करताय?"

साडू रस्त्यातच बसले.

दुसऱ्या दिवशी जाऊन त्यांनी जबाब बदलला. नोकरी गेली. आता लोकांना सांगतात, मीच सोडली. पडले तरी नाक वर.

पण त्या पहाटे कंदील उतरवायला मी त्यांच्याबरोबर होतो, म्हणून सांगतो. चार साधे कंदील. पाचव्याची काच काजळलेली, अजून हात लावू देत नव्हती इतकी तापलेली. खड्ड्याकडच्या बाजूला काजळीत पाच बोटांच्या रेघा. मी रुमाल काढला. घासून घासून पुसलं.

रेघा गेल्या नाहीत. त्या आतून होत्या.